वाजणारा शंख: निवड, छेद, फुंक आणि निगा

नवा शंख हौसेने आणला, तोंडाला लावून जीव खाऊन फुंकला आणि आतून नुसतं ‘फुस्स’ झालं, की बहुतेक जण आपल्या दमाला दोष देतात. दमाचा दोष फार क्वचित असतो. दहात आठ वेळा शेंड्याकडचं भोक चुकलेलं असतं, नाहीतर शंखाला कुठेतरी गळती असते. उरलेल्या वेळी ओठ चुकतात. म्हणून हा लेख फुंकण्यापासून सुरू न करता शंख निवडण्यापासून सुरू केला आहे.

आधी शब्द ठरवून घेऊ. शंखाचं निमुळतं वेटोळ्यांचं टोक म्हणजे शेंडा. जिथून प्राणी बाहेर येत असे ती लांबट फट म्हणजे तोंड. तोंडाच्या खालच्या टोकाला पाणी ओतायला सोयीची खोबण असते, ती पन्हळ. आणि ज्याच्याभोवती सगळी वेटोळी फिरतात तो आतला भरीव दांडा म्हणजे मधला खांब. पूजेत पाणी पन्हळीतून सोडतात, वाजवताना फुंक शेंड्यातून घालतात. पूजेचा शंख अखंड असतो आणि वाजवायच्या शंखाचा शेंडा कापलेला असतो. म्हणूनच घरात दोन शंख वेगळे ठेवायची पद्धत आहे. देवघरातला अखंड शंख कापून वाजवायला घेऊ नका, दुसरा आणा.

कोणता शंख घ्यायचा

आपण ज्याला नुसतं ‘शंख’ म्हणतो तो टर्बिनेला पायरम या समुद्री गोगलगायीचा. तो मुख्यतः मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर मिळतो. तुतिकोरीन आणि रामनाथपुरम भागातून तो देशभर जातो. त्यातला मोठा वाटा बंगालमध्ये, सुवासिनींच्या शांखा नावाच्या बांगड्या कापण्यासाठी लागतो. कोकण किनाऱ्यावर सापडणारे लहानमोठे शंख वेगळ्या जातींचे असतात. ते शोभेला ठीक, पण त्यांची भिंत पातळ असते आणि वाजवायला ते सहसा निराशच करतात.

शिकणाऱ्याने १५ ते १८ सेंटिमीटर लांबीचा शंख घ्यावा. ८-१० सेंटिमीटरचा शंख स्वस्त पडतो, पण त्याची आतली नळी आखूड असल्याने सूर तीव्र, चिरका येतो आणि ओठ फार आवळावे लागतात. मोठ्या शंखाचा सूर खालचा, भरदार आणि धरायला सोपा.

दुकानात या गोष्टी तपासा:

- वजन. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. हातात घेताच हलका वाटला, तर तो पातळ भिंतीच्या जातीचा, प्लास्टिकचा किंवा राळेत ओतलेला असू शकतो.
- मधला खांब. तोंडातून आत बघा. खऱ्या शंखाच्या खांबावर तीन किंवा चार ठळक वळ्या असतात, बोटाला स्पष्ट लागतात. ही एक खूण पक्की लक्षात ठेवली तरी निम्मी फसवणूक टळते.
- टणत्कार. नाण्याने हलकेच ठोका. चिनीमातीच्या कपासारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे. ‘बद्द’ आवाज आला, तर तडा आहे किंवा आत भराव आहे.
- भोकं. समुद्रातले किडे आणि स्पंज शंखाला पोखरतात. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांचे पुंजके दिसले, तर आतून पोकळी आहे असं समजा. विक्रेते ही छिद्रं पांढऱ्या सिमेंटने बुजवून पॉलिश करतात. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून बाहेरून पाहिलं, की बुजवलेली जागा काळपट डागासारखी उठून दिसते.

कानाला लावल्यावर समुद्राची गाज ऐकू येणं ही खरेपणाची खूण नव्हे. भोवतालचाच आवाज पोकळीत घुमून तसा भासतो. रिकामा तांब्या कानाला लावा, तोही गाजेल. लिंबाचा थेंब टाकून फेस बघण्याचाही काही उपयोग नाही, कारण संगमरवराच्या भुकटीचा नकली शंखही तसाच फसफसतो. शिवाय खऱ्या शंखावर तेवढ्या जागी कायमचा खरबरीत डाग पडतो.

‘दक्षिणावर्ती’च्या नावाखाली

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरा. नेहमीच्या शंखाचं तोंड मधल्या खांबाच्या उजवीकडे उघडतं. प्राणिशास्त्र त्याला उजवा म्हणतं, पूजेच्या परंपरेत मात्र त्यालाच वामावर्ती म्हणतात, कारण परंपरेत शंख पन्हळ वर करून पाहतात. दक्षिणावर्ती म्हणजे शेंडा वर धरला असता डावीकडे उघडणारा. टर्बिनेला पायरममध्ये असा शंख विलक्षण दुर्मीळ असतो. बाजारात तो ढिगाने कसा काय मिळतो?

तो असतो अमेरिकेच्या अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचा एक वेगळाच प्राणी. त्याची जातच डावीकडे उघडते, त्यामुळे तिथे तो अगदी सामान्य आहे. भिंत पातळ, पन्हळ लांब, खांद्यावर गाठी किंवा गाठी घासल्याच्या खुणा, नीट धुतलेला नसेल तर तपकिरी उभे पट्टे. आणि मधला खांब गुळगुळीत, एकही वळी नाही. वळ्या नसतील तर तो आपला शंख नाही, मग कितीही प्रमाणपत्रं दाखवोत. ऑनलाइन घेताना आणखी एक युक्ती चालते: साध्या शंखाचा फोटो आरशासारखा उलटा करून टाकतात. विक्रेत्याला कागदावर आजची तारीख लिहून, शंखाशेजारी ठेवून व्हिडिओ पाठवायला सांगा.

वाजवण्यासाठी दक्षिणावर्तीचा काहीही फायदा नाही. हवेला नळी कुठल्या दिशेने वळते याच्याशी देणंघेणं नसतं.

कायदा, थोडक्यात

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या यादीत २००१ साली शंख-शिंपल्यांच्या काही जाती घातल्या गेल्या. त्यात शिंगाळ हेल्मेट शंख (कॅसिस कॉर्न्यूटा), मोठा तुतारी शंख (कॅरोनिया ट्रायटोनिस) आणि बोटं फुटल्यासारख्या दिसणाऱ्या कोळी-शंखाच्या (लॅम्बिस) काही जाती आहेत. किनाऱ्यावरच्या स्टॉलवर हे मिळाले, म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत. साधा पूजेचा शंख त्या यादीत नाही. तरी पावती घ्या.

परदेशातल्या मराठी मंडळांत गणपतीसाठी बरेचदा कॅरिबियनमधला गुलाबी तोंडाचा क्वीन काँच वापरतात. वाजायला तो उत्तम आहे, पण १९९२ पासून तो साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. प्रवासात वैयक्तिक सामान म्हणून माणशी ३ नगांपर्यंतच सूट असते. त्यापुढे परवाना लागतो.

किनाऱ्यावर स्वतः उचलत असाल, तर आधी आत खेकडा किंवा जिवंत प्राणी आहे का ते बघा. असेल तर परत ठेवा.

कापण्याआधी: गळती

शंखाचं तोंड वर करून पाणी भरा. मग आडवा धरून, शेंड्याकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवा, म्हणजे पाणी आतल्या वेटोळ्यांत शिरतं आणि हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. दोन-तीनदा भरून फिरवा. बाहेरून फडक्याने कोरडा करून १० मिनिटं वर्तमानपत्रावर ठेवा. ओल फुटली तिथे पेन्सिलने खूण करा. टाचणीएवढी गळतीसुद्धा सूर खाते, कारण तिथून दाब निसटतो आणि ओठांना आधार देणारी हवेची लाट आतल्या आत विस्कटते.

छिद्र बुजवायला दोन ट्यूबचा एपॉक्सी (दोन्ही मिसळले की कडक होणारा डिंक) चांगला. पुढे कापताना जी पांढरी पूड निघेल, ती त्यात कालवून लावली की रंगही जुळतो. म्हणून दुरुस्ती कापल्यानंतर, पण पॉलिशच्या आधी करा. २४ तास सुकू द्या.

शेंडा कापणं

साहित्य: हॅकसॉ आणि इंचाला २४ किंवा ३२ दातांची दोन-तीन नवी पाती, अर्धगोल आणि गोल कानस, १२०, २२० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर, काचेचा सपाट तुकडा, चिकटपट्टी, जुना टॉवेल, पाण्याची बादली, एन-९५ मास्क आणि चष्मा. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, पण त्याच्या थरांमध्ये थोडा प्रथिनांचा अंश असतो, म्हणून कापताना जळक्या केसांसारखा वास येतो. ती पूड छातीत जाता कामा नये. सतत पाणी मारत राहा. अँगल ग्राइंडरने काम पाच मिनिटांत होतं हे खरं, पण पाणी आणि विजेचं यंत्र एकत्र आणणं धोक्याचं. कोरडं कापलं तर पूड उडते आणि घर्षणाच्या उष्णतेने कडा फुटतात. पहिला शंख तरी हातकरवतीनेच कापा.

शेंड्याला चिकटपट्टी गुंडाळा. बाहेरचा व्यास साधारण १५ मिलिमीटर होतो तिथे पट्टीवर गोल रेघ मारा. शंख टॉवेलात गुंडाळून गुडघ्यांत धरा, बेंच वाइसमध्ये आवळू नका. एका बाजूने आरपार कापत गेलात तर शेवटची कड कपची उडून तुटते. आधी रेघेवरून सगळीकडे एक-दीड मिलिमीटर खोल खाच पाडून घ्या, मग शंख फिरवत फिरवत आत जा.

पहिला काप झाल्यावर बहुतेक वेळा भोक दिसतच नाही, दिसतो तो पांढरा भरीव गोळा. घाबरू नका. हा प्राणी वाढत जातो तशी जुनी, वरची वेटोळी आतून चुन्याने भरत जातो. आता दर वेळी २ मिलिमीटर एवढंच खाली या. अर्धचंद्रासारखी पोकळी दिसू लागली, की करवत बाजूला ठेवा. इथून पुढे फक्त कानस.

भोकाचा आतला व्यास १३ ते १७ मिलिमीटर असावा. पातळ ओठांना १३-१४ पुरतं, जाड ओठांना १६-१७ बरं. भोक लहान राहिलं तर सूर घुसमटतो आणि फुंक परत गालात येते. मोठं झालं तर ओठ आत ओढले जातात, हवा भसाभस जाते आणि सूर पकडतच नाही. कानसने वाढवता येतं, कमी करता येत नाही, म्हणून १३ वर थांबून वाजवून बघा आणि मगच पुढे जा.

पोकळी एका बाजूला आणि खांबाचा भरीव भाग दुसऱ्या बाजूला, असं दिसेल. खांबाचा वरचा टवका गोल कानसने उतरता करून घ्या, म्हणजे हवा सहज वळून नळीत शिरते. इथे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे भोकातून सरळ खाली ड्रिल मारणं. नळी सरळ खाली जात नाही, ती खांबाभोवती फिरत जाते. ड्रिल एका वेटोळ्यातून दुसऱ्यात घुसलं, की हवेला आडवाट मिळते आणि सूर दोन जागी फाटतो. हे भोक बाहेरून बुजवता येत नाही.

वाट मोकळी झाली का, हे पाहायला ज्वारीचे २० दाणे मोजून भोकात टाका. शंख आडवा धरा आणि शेंड्याकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. दाणे तोंडातून बाहेर यायला हवेत. मोजा. सतराच आले, तर तीन आत अडकलेत, म्हणजे कुठेतरी कंगोरा राहिला आहे. हे दाणे पाण्याने धुण्याआधी काढा, फुगले की निघत नाहीत.

कडेसाठी वॉटर पेपर काचेवर ठेवा, पाणी टाका आणि शंख उभा धरून आठाच्या आकड्यासारखा फिरवा: १२०, मग २२०, मग ४००. कड २ ते ३ मिलिमीटर रुंद राहिली पाहिजे. तिच्याहून पातळ कड ओठात रुतते. शेवटी कागदाची गुंडाळी करून आतली आणि बाहेरची धार मोडा. जिभेच्या टोकाला कुठेही खरखर लागता कामा नये.

भोक मोठं झालंच, तर शंख फेकू नका. मधमाशीचं मेण कोमट पाण्यात मऊ करून कडेवर वळी बसवा आणि हवं ते माप घडवा. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, तेव्हा कायमचा उपाय म्हणजे पितळी मुखनळी एपॉक्सीने बसवून घेणं.

फुंक

शंखात आवाज हवेने होत नाही, ओठांच्या थरथरीने होतो. हवा फक्त ओठ हलवते आणि वेटोळी नळी तो आवाज मोठा करते. तुतारी आणि शिंगाचंही हेच तंत्र. म्हणून पहिले दोन दिवस शंख हातात घेऊच नका. ‘म’ म्हणताना मिटतात तसे ओठ मिटा, कोपरे घट्ट आणि मधला भाग सैल ठेवा, आणि लहान मुलं मोटार चालवताना करतात तसा ‘प्फ्र्रर्र’ करा. सलग १० सेकंद जमला, की शंख घ्या.

उभे राहा, खांदे न उचलता पोटापर्यंत श्वास घ्या. भोकाची कड ओठांच्या मधोमध, वरच्या ओठाचा थोडा जास्त भाग आत येईल अशी टेकवा. काहींना किंचित कडेला ठेवून चांगलं जमतं, तेही चालतं. तुळशीचं बी जिभेच्या टोकावरून थुंकताना जसा ‘थू’ करतो, तशी सुरुवात करा आणि लगेच ओठ थरथरू द्या. शंखाचं तोंड हाताने किंवा अंगावरच्या कपड्याने झाकलं जाणार नाही, हे पाहा. बोटं मुद्दाम तोंडात सरकवली तर सूर खाली येतो. तो खेळ नंतर.

नुसती हवा जात असेल तर ओठ उघडे आहेत, किंचित जवळ आणा. चिरका, उंच सूर आला तर ओठ फार आवळलेत किंवा शंख तोंडावर दाबून धरलाय. गाल फुगत असतील तर कोपरे सैल आहेत. सुरुवात छान होऊन मध्येच सूर घरघरला, तर आत थुंकी आणि वाफेचं पाणी साचलंय. दाण्यांसारखाच शंख फिरवून ते बाहेर काढा. आणि डोकं गरगरलं, तर ती शंखाची शक्ती वगैरे काही नाही. भराभर खोल श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. खाली बसा, नेहमीसारखा श्वास घ्या.

सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं पुरे. ओठांचे स्नायू दमले की चुकीच्या सवयी लागतात. सलग १५ सेकंद एकसारखा सूर आला, की दोन सुरांकडे वळा: ओठ जरा आवळून वरचा, सैल सोडून पुन्हा खालचा. शंखनाद पथकांत वादक मिनिटभर न थांबता वाजवतात, ते गालांत हवा साठवून. गालातली हवा बाहेर ढकलत असतानाच ते नाकाने श्वास घेतात. हा सराव आधी पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ घालून करावा. बुडबुडे तुटले नाहीत, की जमलं.

काचबिंदू, हर्निया, अनियंत्रित रक्तदाब, किंवा नुकतीच डोळ्याची वा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाजवू नका. जोरात फुंकताना डोळ्यांतला आणि पोटातला दाब वाढतो. एकाचा शंख दुसऱ्याने घेताना कड स्पिरिटने पुसा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही, त्यामुळे पहाटे चारच्या काकड आरतीला शंख फुंकायचा असेल तर गाभाऱ्यात दारं लावून.

निगा

शंखाचा एकच मोठा शत्रू, आंबट. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितळ घासायच्या पावडरी, संडास साफ करायचं ॲसिड, हे सगळं शंखाची चकाकी कायमची घालवतं. पंचामृतातलं दहीसुद्धा. अभिषेक झाला की लगेच साध्या पाण्याने धुवा. कोमट पाणी, दोन थेंब भांडी घासायचा साबण आणि मऊ टूथब्रश एवढंच वापरा. हळदीचा डाग पडला तर ओला करून तासभर उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. रोज मात्र उन्हात ठेवू नका.

नव्या शंखावर तपकिरी, सालीसारखा थर असेल तर तो त्याचा नैसर्गिक लेप असतो. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी अशा मिश्रणात काही तास ठेवला की तो सुटतो. ब्लीच सेंद्रिय थर खातं, चुन्याला सहसा धक्का लावत नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. नंतर दोन दिवस साध्या पाण्यात, पाणी बदलत ठेवा.

वाजवून झाल्यावर शंख शेंडा वर, पन्हळ खाली करून निथळत ठेवा. तसाच कोंदट ठेवला तर आत काळी बुरशी धरते आणि ती तुम्ही पुढच्या वेळी ओठाला लावता. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने आतून खंगाळा. चकाकीसाठी बेबी ऑइलचे दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन पुसा. खोबरेल तेल नको, ते खवट होतं आणि पिवळं पडतं.

बंद काचेच्या कपाटातल्या किंवा प्लायवूडच्या देवघरातल्या शंखावर पावसाळ्यात पिठासारखी पांढरी पूड दिसली, तर तिला बुरशी समजून घासत बसू नका. प्लाय, एमडीएफ आणि पुठ्ठा यांच्यातून आम्लाची वाफ निघते, आणि दमट हवेत ती शंखाच्या पृष्ठभागावर क्षार तयार करते. जगभरातल्या संग्रहालयांना हा त्रास आहे. शंख स्वच्छ पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि हवेशीर जागी, पितळी अडणीवर ठेवा. त्याच कपाटात परत ठेवलात तर पुढच्या पावसाळ्यात पूड पुन्हा येईल, आणि तिच्याखालचा भाग दर वेळी थोडा झिजलेला असेल.